अढीत हापूस देठाकडून काळा पडून सडतो: चूक नेमकी कुठे झाली ते कसं ओळखायचं

दरवर्षी एप्रिल संपता संपता तीच तक्रार कानावर येते. आंबा कलमावरून उतरवला तेव्हा आरशासारखा स्वच्छ होता. अढीत, म्हणजे पेंढ्याच्या थरांत पिकायला, घातला, आठव्या दिवशी पेंढा बाजूला सारला तर देठाभोवती काळं कडं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अर्धं फळ पिळपिळीत. बागायतदार पेंढ्याला दोष देतो, पुण्या-मुंबईत पेटी घेतलेला माणूस विकणाऱ्याला दोष देतो. आमची हापूसची कलमं तीन पिढ्यांची आहेत, आणि मीसुद्धा कितीतरी वर्षं नुसता पेंढाच बदलत होतो.

आता माझं मत ठाम झालंय. अढीत दिसणारी बहुतेक सड अढीत जन्मत नाही. ती जानेवारीत मोहोरावर दव साचलं तेव्हा आत शिरलेली असते, किंवा आंबा उतरवताना देठ खुडला गेला त्या क्षणी. अढी ती फक्त उघडी पाडते. त्यामुळे औषध विचारायला धावण्याआधी एक काम करा: सडलेलं फळ उजेडात घेऊन बसा आणि सड कुठून सुरू झाली ते पाहा. ज्या जागी सुरुवात, त्यावरून चूक कुठली ते कळतं.

देठाकडून सुरुवात असेल तर ती देठकूज. देठाच्या बुडाशी आधी तपकिरी, मग काळपट कडं येतं. त्याची कड स्पष्ट नसते. आतल्या शिरांच्या वाटेने बोटं पसरावीत तसे काळे पट्टे खाली उतरतात. साल फाटलेली नसते, पण अंगठ्याने दाबली की आत पाणी झाल्यासारखं लागतं. असं फळ धारदार सुरीने देठापासून उभं कापा. देठातून निघालेला तपकिरी रंग बाठ्याच्या कडेने गरात उतरताना सरळ दिसतो, वास आंबूस असतो. गरम हवेत दोन-तीन दिवसांत अख्खं फळ जातं. ही बहुतेक वेळा लॅसिओडिप्लोडिया नावाच्या बुरशीची करामत असते.

ठिपके फळभर विखुरलेले असतील तर तो करपा, म्हणजे कोलेटोट्रायकम बुरशी. ठिपका गोलसर, काळा, किंचित खोलगट, कड नीट दिसणारी. सुरुवातीला ठिपक्याखालचा गर चांगला असतो. हवा दमट असेल तर ठिपक्यावर गुलाबी-नारिंगी चिकट कण येतात. ते त्या बुरशीचं बी. काही फळांवर देठापासून टोकापर्यंत काळ्या ओघळाचा पट्टा दिसतो. वरच्या वाळक्या मोहोरावरून ठिबकलेल्या पाण्याने बी त्याच वाटेने खाली आणलेलं असतं.

एखाद्या खरचटलेल्या किंवा आपटलेल्या जागी मऊ फिकट डाग पडून त्यावर काजळीसारखी भुकटी आली असेल, बोट लावलं की बोट काळं होत असेल, तर ती काळी बुरशी. जुन्या कांद्याच्या सालीखाली दिसते तीच. हिला आत शिरायला जखम लागते. जखम नाही तर ही नाही.

आणि बुरशी नसलेल्या तीन गोष्टी आधीच बाजूला काढा, कारण त्यांच्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे मातीत घालणं. साका: बाहेरून फळ देखणं, आत बाठ्याजवळचा गर पांढरट, पोकळ, आंबट. फळमाशी: सालीवर टाचणीच्या टोकाएवढं छिद्र, आजूबाजूला मऊ, कापलं की अळ्या. चिकाचे डाग: देठापासून खाली उतरलेले तपकिरी चट्टे, वरवरचे, कोरडे, फळ पिकलं तरी न वाढणारे. तिसऱ्याला लोक हमखास करपा समजतात.

एका वर्षी आमच्या पहिल्या मोठ्या तोडणीतला बराच माल असाच गेला. पुण्याच्या एका व्यापाऱ्याने पेट्या उघडून फोटो पाठवले, आणि प्रत्येक फोटोत काळं कडं देठाशीच होतं. त्या आठवड्यात आमचा नेहमीचा नेपाळी गडी गावी गेला होता आणि बदली माणसं काठीने हलवून, हाताने ओढून आंबे काढत होती. फळ ओढलं की देठ मुळातून निघतो आणि देठाच्या जागी एक ओली, उघडी खळगी राहते. चीक वाहून जातो. या चिकात बुरशीला अटकाव करणारी द्रव्यं असतात, म्हणजे फळाचं स्वतःचं औषधच आपण जमिनीवर सांडतो. मग ते फळ देठाकडची बाजू खाली करून मातीत ठेवलेलं. यापेक्षा सोयीची वाट बुरशीला दुसरी मिळणार नाही.

त्याच हंगामात मी एकाच कलमाचे आंबे दोन क्रेटमध्ये वेगळे ठेवून पाहिले. एका क्रेटमध्ये देठासकट कापलेले, दुसऱ्यात देठ खुडलेले. पेंढा तोच, खोली तीच, दिवस तेच. दहाव्या दिवशी दुसऱ्या क्रेटमधल्या काळ्या कड्यांच्या फळांनी परातभर जागा घेतली. पहिल्या क्रेटमधली मी एका हातात धरू शकत होतो. त्यानंतर पेंढ्यावरचा माझा राग कायमचा गेला.

म्हणून तोडणीचं आधी सांगतो, कारण सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक तिथे पडतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला नूतन झेला वापरा. त्याची पाती देठ कापते आणि फळ जाळीत पडतं. देठ बोटाच्या एका पेराएवढा तरी फळाला राहू द्या. पेटी भरताना तो कात्रीने अर्ध्या इंचावर आणा, नाहीतर शेजारच्या फळात खुपतो आणि तिथे काळ्या बुरशीला दार उघडतं. आंबा चौदा आणे तयार झाला की काढा, म्हणजे साधारण ८५ टक्के. देठाजवळचे खांदे भरून देठाच्या वर आलेले, देठाशी किंचित खळगा पडलेला. त्याहून जास्त दिवस झाडावर ठेवला तर साक्याचंही प्रमाण वाढतं. काढणी सकाळी अकराच्या आत किंवा दुपारी चारनंतर. क्रेट झाडाच्या सावलीत, तळाशी पेंढा किंवा कागद घालून. फळ थेट जमिनीवर ठेवायचं नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. खाली पडलेला आंबा कितीही चांगला दिसला तरी तो वेगळ्या टोपलीत. तो अढीत जाणार नाही, त्याच दिवशी कॅनिंगला किंवा घरच्या लोणच्याला जाईल.

एवढं सांभाळूनही देठकूज येत असेल तर कलमावर नजर टाका. ही बुरशी वाळलेल्या काटक्यांत, मेलेल्या फांद्यांत, मागच्या वर्षीच्या मोहोराच्या सुकलेल्या काड्यांत राहते आणि हिरव्या फांदीच्या आतही गुपचूप नांदते. तिथून ती देठात आणि देठातून फळात येते. फळ कच्चं असेपर्यंत तिचं काही चालत नाही. आमच्याकडच्या जुन्या, पन्नास-साठ वर्षांच्या कलमांच्या पोटात इतकी वाळकी काडी साचलेली असते की दुपारी बाराला बुंध्याशी ऊन पोचत नाही. पाऊस संपल्यावर, मोहोर यायच्या आधी, सगळी मेलेली काडी काढा. कापताना वाळक्या भागाखालची दोन-तीन इंच हिरवी फांदीही घ्या, कारण बुरशीची हद्द दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. बांडगूळ काढा. मधली एखादी उभी फांदी काढून कलमाच्या पोटात ऊन आणि वारा जाऊ द्या. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचा लेप, लावा. काढलेली काडी मात्र कलमाखाली ढीग करून ठेवू नका. हे फार ठिकाणी दिसतं आणि सगळी मेहनत तिथेच वाया जाते.

बोर्डो मिश्रण घरी करणाऱ्यांसाठी: एक टक्क्याचं करायचं तर १ किलो मोरचूद, १ किलो चांगला कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. मोरचूद प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात विरघळवा, लोखंडी भांड्यात कधीच नाही. चुना वेगळा विरवून, थंड झाल्यावर गाळून घ्या आणि मग दोन्ही एकत्र करा. तयार मिश्रणात घासलेला विळा किंवा खिळा मिनिटभर बुडवून बाहेर काढा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद मोकळं आहे, पान भाजेल. आणखी चुन्याचं पाणी घाला. मिश्रण त्याच दिवशी संपवा. फुललेल्या मोहोरावर मात्र हे मारू नका.

करप्याचं मूळ मोहोरात आहे. दव, ढगाळ हवा, अवकाळी पावसाची एखादी सर, आणि पालवी किंवा मोहोर रात्रभर ओला राहिला की बुरशीचं बी रुजतं. मोहोर काळा पडून गळतो तो प्रकार सगळ्यांना दिसतो. न दिसणारा प्रकार जास्त महाग पडतो. सुपारीएवढ्या कैरीवर पडलेलं बी रुजतं, सालीत घट्ट रोवून बसतं आणि तिथेच थांबतं. कच्च्या सालीत रेसॉर्सिनॉल जातीची बुरशीरोधक द्रव्यं असतात, ती त्याला पुढे सरकू देत नाहीत. फळ पिकायला लागलं की ही द्रव्यं कमी होतात, साखर वाढते, आणि दोन-तीन महिने दबा धरून बसलेली बुरशी जागी होते. म्हणजे मे महिन्यात अढीतल्या फळावर दिसणारा डाग फेब्रुवारीतला असू शकतो. हे एकदा डोक्यात बसलं की काढणीच्या तोंडावर घाबरून मारलेल्या फवारणीचा उपयोग का होत नाही ते कळतं. उलट औषधाचा अंश फळावर राहतो, आणि ते फळ कुणाचं तरी लेकरू खाणार असतं.

फवारणीचं वेळापत्रक विद्यापीठ देतं, ते पालवी आणि मोहोराच्या अवस्थेनुसार असतं. ते पाळा, मी इथे नवं सांगणार नाही. फक्त दोन गोष्टींवर भर देतो. कार्बेन्डाझिमसारखं एकच एक बुरशीनाशक वर्षानुवर्षं मारलं की करप्याची बुरशी त्याला सरावते. औषधाचा गट बदलत राहा. आणि बाटलीच्या लेबलवर आंब्याचं नाव आहे का, काढणीआधी किती दिवस थांबायला सांगितलंय, हे दुकानदाराला न विचारता स्वतः वाचा.

फवारणीइतकंच उपयोगी काम कात्रीचं आहे. फळ धरल्यावर मोहोराचा पुढचा वाळलेला शेंडा तसाच लोंबत राहतो. वाऱ्यावर तो फळाला घासतो आणि पाऊस पडला की त्यावरचं बी फळावर धुऊन येतं. हाताशी येणाऱ्या फांद्यांवरचे हे शेंडे आम्ही कापतो. अंड्याएवढ्या फळाला कागदी पिशवी घालणं हाही दापोलीचाच सल्ला. त्याने डाग कमी होतात, फळमाशी अडते, साकाही कमी होतो. मजुरी लागते, हे खरं आहे. सगळ्या बागेला जमत नसेल तर ज्या पाच-दहा कलमांचा माल घरपोच, चांगल्या भावाने जातो तेवढ्यांना घाला. फळमाशीसाठी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहेच.

आता गरम पाणी. तोडणी झाल्यावर त्याच दिवशी आंबे ५२ ते ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात ५ ते १० मिनिटं बुडवले की सालीतली करप्याची बुरशी मोठ्या प्रमाणात मरते. आम्ही ५२ अंशावर १० मिनिटं ठेवतो. हापूसची साल नाजूक आहे. त्याहून तापलेल्या पाण्यात ती भाजून तपकिरी होते आणि मग तेच डाग बुरशीचे म्हणून दाखवले जातात. बोट घालून अंदाज घेऊ नका, थर्मामीटर घ्या. थंड फळ टाकलं की पाण्याचं तापमान घसरतं, म्हणून हंडा मोठा, पाणी भरपूर, आंबे थोडे. बाहेर काढून साध्या स्वच्छ पाण्यात गार करा आणि पंख्याखाली पूर्ण कोरडे होऊ द्या. देठाच्या खळगीत थेंब राहिला तर मऊ फडक्याने टिपा. देठकुजीवर मात्र गरम पाण्याचा भरवसा धरू नका. ती बुरशी देठाच्या आत खोल असते, तिथे उष्णता पुरेशी पोचत नाही.

एक गोंधळ नेहमी होतो म्हणून सांगतो. युरोपला जाणाऱ्या आंब्यासाठी ४८ अंशाला ६० मिनिटांची प्रक्रिया असते. ती फळमाशीसाठी. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर बंदी घातली ती फळमाशीमुळेच, आणि ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. अमेरिकेला जाणारा आंबा विकिरण करून जातो, तेही किडीसाठी. त्या आकड्यांचा आपल्या अढीतल्या सडीशी संबंध नाही.

अढीकडे शेवटी वळतो, कारण अढी सड निर्माण करत नसली तरी ती झपाट्याने वाढवू शकते. पिकणारं फळ स्वतः उष्णता सोडतं. चार-चार थर रचून वर जाड पेंढा दाबला की मधल्या थरात हात घातल्यावर ऊब लागते, पेंढा ओलसर लागतो. देठकुजीला तीस अंशाच्या आसपासची दमट हवा फार मानवते. आम्ही आता दोनच थर लावतो, मधे पातळ पेंढा, आणि रात्री खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या उघड्या. पेंढा त्या वर्षीचा, दोन दिवस कडक उन्हात वाळवलेला. मूठभर नाकाशी धरा. कुबट वास आला तर तो गुरांच्या पायाखाली किंवा खतात. चौथ्या दिवसापासून अढी रोज चाळायची. देठाशी करड्या रंगाची जरा जरी छटा दिसली की फळ बाहेर, आणि त्याला लागून असलेली फळं कोरड्या फडक्याने पुसून वेगळी. ही नजर माझ्या आईला आहे तशी अजून मला आलेली नाही. ती फळ उचलायच्या आधी वासावरून सांगते की खालच्या थरात एक गेलाय.

सडलेले आंबे अंगणाच्या कडेला फेकू नका. खड्ड्यात टाकून हातभर माती ओढा. क्रेट हंगामात एकदा तरी घासून धुऊन कडक उन्हात वाळवा.

लवकर पिकवायच्या नादात कार्बाइडकडे वळू नका. त्यावर कायद्याने बंदी आहे, तब्येतीला ते घातक आहे, आणि त्याने साल पिवळी होते पण सड थांबत नाही. घाई असेल तर इथिलीन वायूचं रायपनिंग चेंबर आहे, १०० पीपीएमपर्यंत त्याला परवानगी आहे. तिथे तापमान ताब्यात असल्याने सडही कमी होते. शीतगृहात ठेवायचा असेल तर हापूस १३ अंशाच्या खाली नेऊ नका. त्याखाली साल काळवंडते, फळ नीट पिकत नाही, आणि बाहेर काढल्यावर बुरशीला दुबळं फळ आयतं मिळतं. घरी पेटी आणणाऱ्यांनी कच्चा आंबा फ्रिजमध्ये ठेवू नये तो याच कारणाने. पेटी आली की त्याच दिवशी उघडा, आंबे एका थरात पसरा, पूर्ण पिकल्यावरच फ्रिजमध्ये टाका. करप्याचे एक-दोन छोटे वरवरचे ठिपके असतील आणि खालचा गर रंगाने, वासाने चांगला असेल तर साल जाड काढून खाता येतो. देठाकडून गर तपकिरी झालेला, आंबूस वासाचा आंबा मात्र कापून उरलेला खाण्याचा मोह टाळा.

राहिला पाऊस. तौक्ते वादळ मे २०२१ च्या मध्यावर आलं तेव्हा कोकणात आंबा झाडावर होता. २०२५ मध्ये मान्सून २६ मे रोजीच मुंबईत पोचला. शेवटचा माल भिजणार हे आता धरूनच चालावं लागतं. हवामान खात्याचा इशारा आला आणि फळ चौदा आण्यांना आलेलं असेल तर पावसाच्या आधी काढा, एखाद्या दिवसाच्या भावासाठी थांबू नका. पाऊस पडून गेलाच तर ओलं फळ काढू नका. पानं-फळं सुकू द्या, मग काढा, गरम पाणी द्या, आणि तो माल लांबच्या गावाला पाठवू नका. जवळच, लवकर, गिऱ्हाइकाला खरं सांगून विका.

पावसाआधीचा आणि पावसानंतरचा माल एका अढीत कधीही मिसळू नये. आम्ही क्रेटवर खडूने तारीख, कलमाचा नंबर आणि भिजलेल्या मालावर एक फुली मारतो. हंगाम संपला की कुठल्या नंबरच्या क्रेटमधून किती फळं खड्ड्यात गेली ते वहीत मांडतो. गेल्या तीन वर्षांत त्यात विहिरीच्या वरच्या अंगाची तीच चार कलमं पुन्हा पुन्हा येतायत. तिथे सकाळी उशिरापर्यंत दव राहतं आणि मधल्या फांद्या एकमेकींत गुंतल्यात. यंदा पाऊस उघडला की करवत आधी तिथे लागणार आहे.